पट चौतीस, हजर तेहतीस

१

खिलारवाडीच्या जुन्या शाळेतून काहीच चोरीला गेलं नव्हतं. कुलूप शाबूत होतं, काच शाबूत होती. फक्त फळ्यावरच्या एका तीनाचा चार झाला होता.

मंगळवारी सकाळी इंद्रजीत सरांचा फोन आला तेव्हा मी सांगोल्यात पंचायत समितीचा जिना चढत होते.

"दिपाली मॅडम, असाल तशा या. जुन्या शाळेचा फळा कुणीतरी बिघडवलाय."

"पुसला?"

"पुसला असता तर सरळ होतं. बदललाय."

इंद्रजीत सर खिलारवाडीच्या नव्या शाळेचे मुख्याध्यापक आणि जुन्या शाळेच्या जतन समितीचे सचिव. उगीच घाबरणारा माणूस नव्हे. मी शिक्षण विस्तार अधिकारी, शाळा तपासणं हे माझं रोजचं काम. पण जिच्यात तीस वर्षांत एकही मूल बसलेलं नाही अशा शाळेच्या तपासणीला मी पहिल्यांदाच निघाले होते.

ती शाळा म्हणजे एकच खोली. दगडी भिंती, वर धाब्याचं छप्पर, एक दार, दोन खिडक्या. गावानं अंगमेहनतीनं बांधलेली. पुढं नवी इमारत झाली, तरी ही कुणी पाडली नाही, ती या फळ्यामुळं. भिंतीवरच गिलावा करून काळा रंगवलेला फळा, त्यावर काचेची चौकट, आणि काचेमागं गुरुसिद्धप्पा गुरुजींचं शेवटचं अक्षर. मी ते आधी दोनदा वाचलं होतं. तालुक्यात कुणी वाचलं नव्हतं?

शनिवार, दि. ८ जानेवारी १९७२
पट ३४, हजर ३३
शुद्धलेखन : विहीर, आशीर्वाद, गुरुत्व, मेंढी
गणित : आज हजर असलेल्या प्रत्येक मुलास तीन बोरे वाटली. एकूण बोरे किती?
उत्तर : १०२

दुसऱ्या दिवशी, रविवारी, गुरुजी त्या एका गैरहजर पोराला शोधायला बाहेर पडले. पोराच्या घरची मेंढरं सांगोल्याच्या रस्त्याला उतरली होती. गुरुजींना छातीचं दुखणं होतं. वाटेतच बाभळीखाली ते गेले. नंतर आलेल्या मास्तरांना फळा पुसवेना. ते लाकडी फळ्यावर शिकवू लागले. एका गैरहजर मुलासाठी जीव वेचणारे गुरुजी, ही गोष्ट मग शाळेशाळेत सांगितली जाऊ लागली. परवा, गुरुवारी, पुरातत्त्व खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. शाळा संरक्षित स्मारक व्हायची होती, आणि दारात बसवायच्या काळ्या दगडावर हीच गोष्ट कोरायची होती.

मी चौकटीसमोर उभी राहिले. सगळं जसंच्या तसं होतं. अक्षर तेच, वळण तेच. मात्र दुसऱ्या ओळीत आता लिहिलेलं होतं : पट ३४, हजर ३४.

इंद्रजीत सरांनी मोबाइल पुढं केला. "हा रविवारी संध्याकाळी काढलेला फोटो. तेहतीस स्पष्ट दिसतंय बघा. आणि हा आजचा."

बाजूच्या काचेच्या कपाटात गुरुजींचा चष्मा होता, छत्री होती, पत्र्याच्या डबीत सात खडू होते. जुने, पिवळट पडलेले, एकाचं टोक तेवढं पांढरं. मी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. शाळेची मोडतोड करणारा माणूस शिव्या लिहितो, नावं कोरतो. इथं कुणीतरी काच उतरवून, एक आकडा पुसून, जपून दुसरा काढून काच परत बसवली होती.

त्रेपन्न वर्षांनी कुणीतरी त्या पोराची हजेरी लावून गेलं होतं.

२

किल्ल्या दोघांकडे होत्या. एक इंद्रजीत सरांकडे, दुसरी केराबाईंकडे. केराबाई रोज सकाळी शाळा उघडून झाडलोट करायच्या. मी गेले तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात किल्ली नव्हती.

"काडून घेतली की. समितीची मीटिंग झाली म्हनं सकाळी," त्या म्हणाल्या. "बारा वर्सं झाडतीया मी ही खोली. एक खडा हाललेला न्हाय."

"काल शाळा कधी उघडली मावशी?"

"आट वाजता. सोमवारी टँकर येतो. टँकर आला की मी घागरी घिऊन पळती. अर्दा-पाऊन तास दार उगडंच आसतंय. कुनाचं काय न्यायचं हाय हितं?"

"त्या वेळात कोण आलं होतं?"

"कोन न्हाय."

"आणि ते कपाट? त्याची किल्ली?"

"त्येला मी हात लावत न्हाय. त्येची किल्ली अन्नांकडं. एकच हाय."

अण्णा म्हणजे बिभीषणराव, समितीचे अध्यक्ष. त्यांचे वडील, ज्यांना सगळं गाव दादा म्हणायचं, ते गुरुजींच्या काळात सरपंच होते. गुरुजींच्या वर्गातले मॉनिटर बिभीषणरावच. वय आता त्रेसष्ट. ते आले, टोपी काढून दारातच उभे राहिले.

"मॅडम, कशाला खोदत बसायचं?" ते म्हणाले. "एक आकडा तर हाय. केराबाईला किल्ली द्या आणि मिटवून टाका."

"अध्यक्ष तुम्ही, आणि म्हणता मिटवा?" इंद्रजीत सर चिडले. "परवा साहेब येणार. बनावट वस्तू म्हणून शेरा मारला तर फाइल गेलीच समजा. मॅडम, तुम्ही परवानगी द्या. मी फोटो बघून आत्ता पुन्हा तेहतीस करतो."

"करायचं का?" मी बिभीषणरावांना विचारलं.

ते एकदम आत आले. "नको. फळ्याला कुणी हात लावू नका," ते म्हणाले, आणि मग स्वतःच्याच आवाजानं दचकल्यासारखे बाहेर निघून गेले.

मला ते जरा चमत्कारिक वाटलं. ज्याला तपास नको, त्याला आकडा पूर्ववत झालेलाही नको होता.

इंद्रजीत सरांना मात्र काही कोडं वाटत नव्हतं. "मॅडम, या बदलानं फायदा एकाच माणसाचा आहे. तो गैरहजर पोरगा अजून जिवंत आहे. गावात त्याला येडू कुणी म्हणत नाही. गैरहजऱ्या म्हणतात."

३

येडूमामांची वस्ती गावापासून दीड मैलावर, माळाच्या कडेला. काटेरी कुंपणात पन्नासेक मेंढ्या, पत्र्याचं घर, दारात लिंब. त्यांच्या बायको बनाबाईंनी घोंगडं टाकलं. येडूमामा बाहेर आले ते चाचपडत. एका डोळ्यावर पट्टी, त्यावर हिरवं फडकं.

"शुक्रवारी आपरेशन झालं मोतीबिंदूचं," बनाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या डोळ्यानं त्येन्ला मानूस दिसतंय, पर त्वांड वळकत न्हाय."

म्हणजे फळा यांनी बदललेला नव्हता. चौकटीचे बारीक स्क्रू काढून, गुरुजींच्या वळणाचा आकडा काढणं या डोळ्यांचं काम नव्हतं. तरी मी आल्यासारखं विचारलं, "मामा, जुन्या शाळेत शेवटचे कधी गेला होता?"

"त्याच शनवारी."

 

"कुठल्या शनिवारी?"

"गुरुजी जायच्या आदल्या. बाई, मी व्हतो शाळंत. आमची मेंढरं शनवारी दुपारनं निगाली, शाळा सुटल्याव. मी पाटी घरात टाकली आन् मेंढरांमागं गेलो. मिरगाला परत आलो तर पोरं म्हनाय लागली, गैरहजऱ्या आला, गैरहजऱ्या आला. गुरुजी तुज्यापायी मेलं. मी म्हनलो, आरं, मी व्हतो की! तर मला दंडाला धरून फळ्याम्होरं उबं केलं. वाच म्हनले. वाचलं. तेहतीस."

"मग?"

"मग काय. फळा काय खोटं बोलतोय व्हय? गुरुजींचं अक्षर. मी दहा वर्साचा. पुना शाळंची पायरी चढलो न्हाय." ते हसले, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. "पयलं मी लई भांडायचो. मग भांडायचं सोडलं. आन् आता तर बाई, माजं मलाच खरं वाटत न्हाय. नसंनच गेलो. पोरगं हुतो, कुटंतरी हिंडत आसंन. मानसाला काय सगळं याद ऱ्हातंय?"

बनाबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "झोपंत बडबडत्यात आजून. हाजीर, हाजीर."

मी उठले तेव्हा येडूमामांनी विचारलं, "पर बाई, तुमी आज ह्ये का इचारताय?"

त्यांना फळा बदलल्याचं ठाऊकच नव्हतं.

४

परत शाळेत आले तेव्हा चार वाजले होते. इंद्रजीत सरांना म्हटलं, काच उतरवा.

काचेविना फळा अगदी साधा दिसत होता. नवा चार मी जवळून पाहिला. आजचा खडू गुळगुळीत असतो, चकचकीत पांढरा. हा आकडा खरबरीत होता, रंगानं बाकीच्या अक्षरांचा सख्खा भाऊ. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि उजेड समोरून न टाकता भिंतीला घासून, बाजूनं सोडला. शाळा तपासताना ही सवय लागते. खाडाखोड अशीच दिसते.

चाराच्या खाली पुसलेल्या तीनाची पुसट रेघ होती. ती असणारच होती. पण त्या तीनाच्याही खाली आणखी एक जुनी रेघ होती. वर दोन फाटे, खाली गाठ.

"सर, हे काय दिसतं?"

इंद्रजीत सर वाकले. बराच वेळ त्यांचं नाक फळ्याला चिकटलेलं होतं. "चार," ते म्हणाले. "पण हा तर आतला... म्हणजे तीनाच्या आधीचा."

"आता गणित करा."

"कुठलं?"

"फळ्यावरचं. हजर मुलं तेहतीस, प्रत्येकाला तीन बोरं."

"नव्व्याण्णव," असं म्हणून ते पुढं बोलणार तेवढ्यात थांबले. त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. उत्तर, एकशे दोन.

"गुरुजींचं गणित चुकलं म्हणता?"

"चौतीस त्रिक एकशे दोन," मी म्हटलं. "गुरुजींचं काहीही चुकलेलं नाही. त्या दिवशी सगळी मुलं हजर होती. आकडा काल बदलला नाही सर, तो त्रेपन्न वर्षांपूर्वीच बदलला होता. काल कुणीतरी तो फक्त होता तसा केला."

इंद्रजीत सर बाकावर बसले. "अहो, मी रोज मुलांना हे दाखवतो. गणित शिकवतो मी."

"सगळे हजेरीच बघतात. गोष्ट तिथं आहे ना."

"पण मग गुरुजी रविवारी कुणाला शोधायला गेले होते?"

हाच प्रश्न होता. हजेरीपत्रकं वाळवीनं खाऊन कधीच संपली होती. पण समितीच्या भेटवस्तूंच्या वहीत एक नोंद होती : छत्री व चष्मा, सौ. सुंदरम्मा, अक्कलकोट, गुरुजींची मुलगी. पुढं मोबाइल नंबर.

५

"खिलारवाडीहून? होय की, बोला," पलीकडून पिकलेला पण ठणठणीत आवाज आला. मी सांगितलं कोण, कशासाठी.

"अगं बाई, अप्पांची छत्री न्यायला आले, गोष्ट सांगून गेले, पण अप्पा त्या दिवशी कुठं निघाले होते हे आजवर कुणी विचारलं नाही बघा मला," सुंदरम्मा म्हणाल्या. "मी आपण होऊन कशाला सांगू? तुमच्या गावात अप्पांना देव केलंय. म्हटलं राहू दे."

"कुठं निघाले होते ते?"

"घरी. आणि कुठं? शनिवारी त्यांनी कार्ड टाकलं होतं. ते पोचलं अप्पा गेल्यावर चौथ्या दिवशी. आईनं देवाजवळ ठेवलं, मी पण ठेवलंय. कन्नडात आहे. थांबा, चष्मा लावते."

कपाट उघडल्याचा आवाज आला. मग त्या एकेक शब्द जुळवत मराठीत सांगू लागल्या.

"बदलीचा हुकूम आज हातात पडला. उद्या रविवारी निघतो. गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर सांगोल्यापर्यंत चालत येतो, काळजी करू नये. आज शेवटचा दिवस. मुलांना काही बोललो नाही. बोरं वाटली. सगळी मुलं हजर होती, फार बरं वाटलं."

इंद्रजीत सरांनी स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हॅलो? आहात ना?" सुंदरम्मा म्हणाल्या. "आणखी एक सांगते. अप्पा सापडले तेव्हा त्यांची पेटी त्यांच्याजवळच होती. ती पोचवायला आलेला एसटीचा कंडक्टर आईला सांगून गेला. कपडे, पुस्तकं, सगळा संसार त्या पेटीत. पोराला शोधायला कुणी पेटी घेऊन जातं का?"

"छत्री न्यायला कोण आलं होतं तुमच्याकडे?"

"एक अण्णा होते. अध्यक्ष म्हणाले. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. छत्री हातात घेतली आणि रडायला लागले. मला वाटलं, किती जीव अप्पांवर!"

६

बुधवारी सकाळी मी केराबाईंना पुन्हा विचारलं, पण वेगळ्या तऱ्हेनं. "मावशी, सोमवारी टँकरच्या वेळी अण्णा कुठं होते?"

"अन्ना व्हय? हितंच की. दगडावर काय लिवायचं त्येचं माप घेत हुते."

"मग तुम्ही म्हणालात कोण आलं नाही."

"आता अन्ना मंजी कोन हाय व्हय?" केराबाई चकित झाल्या. "त्येंचीच तर शाळा हाय!"

बिभीषणराव दहा वाजता आले. खोलीत मी, ते आणि इंद्रजीत सर, आम्ही तिघंच होतो. मी कपाटाकडं बोट केलं.

"अण्णा, ही डबी जरा काढून द्या."

त्यांनी कंबरेच्या करगोट्यातली किल्ली काढली आणि डबी माझ्या हातात दिली. सहा खडू जुन्या दातांसारखे पिवळे होते. सातव्याचं टोक पांढरं, ताजं झिजलेलं.

"या खडूनं हा चार लिहिलाय. किल्ली एकच, ती तुमच्याकडं. पण मी त्याच्यावरनं ओळखलं नाही," मी म्हटलं. "येडूमामांना डोळ्यांमुळं जमणार नव्हतं. इंद्रजीत सरांना खाली चार होता हे ठाऊक नव्हतं, ते तर पुन्हा तेहतीस करायला निघाले होते. मूळ आकडा ठाऊक असलेला एकच माणूस उरतो. ज्यानं तो पहिल्यांदा बदलला तो."

बिभीषणरावांनी नाही म्हटलं नाही. ते बाकावर बसले. बाक लहान मुलांचा, त्यांचे गुडघे छातीशी आले.

"दुष्काळ दिसत हुता," ते बोलू लागले. "दादांना ही खोली कडब्याला पायजे हुती. गुरुजी म्हणले, पोरं कुटं बसवू? दोन-तीनदा झालं असं. मग दादांनी वर शब्द टाकून बदली आणली. आन् गावात सांगितलं, मास्तराला कुणी बैलगाडी द्यायची न्हाय. रविवारी सकाळी गुरुजी आमच्या दारावरनं गेले. डोक्यावर पेटी. मी दारात उभा. आमच्या गोठ्यात तीन गाड्या सोडून ठेवलेल्या."

बाहेर केराबाईंच्या झाडूचा आवाज येत होता. तो थांबला.

"सोमवारी बातमी आली. तालुक्याचे लोक इचारणार, मास्तर पेटी घेऊन चालत का गेला? दादा मला घेऊन हितं आले. पेटी तिकडनंच एसटीनं गुरुजींच्या घरी पाठवून दिली. मला म्हणले, आज कोण पोरगं न्हाय? मी म्हणलो, येडू. त्येची मेंढरं शनवारी दुपारनं गेली. दादा म्हणले, मग तो शनवारी बी नव्हता. कर तीन. ज्येंना खरं ठाऊक हुतं, ते दादांच्या भीतीनं बोलले न्हाईत."

"तुम्हालाच का सांगितलं?"

"माझं अक्षर गुरुजींसारखं हुतं. त्येंनीच माझा हात धरून गिरवून घेतलं हुतं." त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "दहा वर्साचा हुतो म्हणून सोडून देता यील मॅडम. पर पुढं मी वीस वर्साचा झालो, चाळीसचा झालो, दादा बी गेले. तवा कुणी माझं तोंड धरलं हुतं? येडू समोरनं गेला की मी रस्ता बदलतो. शाळा जतन केली, काच लावली, वाटलं काहीतरी फेडलं. पर काच लावून मी खोटंच जपलं की."

"आणि आता?"

"रविवारी दगडाचा मजकूर आला सहीला. गैरहजर मुलासाठी. हात चालंना. खडू पुसता येतो, दगड कसा पुसायचा? तोंडानं सांगायचं धाडस तर कधीच नव्हतं. म्हणलं, आकडा तरी नीट करू. कुणीतरी गणित घालून बघंल."

इंद्रजीत सर त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "आणि या बाईची किल्ली काढून घेतली तेव्हा गप्प बसलात!"

"मिटवा म्हणलो की..."

"मिटवा म्हणणं वेगळं!"

दारातून केराबाई आत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता त्या अण्णांना फाडून खातील. त्यांनी एवढंच विचारलं, "येडूला सांगितलंसा?"

बिभीषणरावांनी मान हलवली, नाही म्हणून.

"मग हितं या लोकान्ला काय सांगत बसलाय?"

७

गुरुवारी काय झालं ते आधी सांगते. पुरातत्त्वचे साहेब दीड तास फळ्यासमोर होते. त्यांनी तिन्ही आकड्यांचे फोटो घेतले आणि सांगितलं की आता यापुढं काहीही पुसायचं नाही, दोन्ही बदल कधी, कुणी, का केले ते लिहून फळ्याशेजारी लावायचं. बिभीषणरावांनी त्यांच्यासमोर आणि जमलेल्या गावासमोर सगळं सांगितलं. काहीजण उठून गेले. दादांच्या घराण्याचे दोघं-तिघं भांडायला आले. दगड कोरायचा राहिला. शाळेला दर्जा मिळणार की नाही, ते अजून कळलेलं नाही. बिभीषणरावांनी अध्यक्षपद सोडलं, आणि इंद्रजीत सरांनी केराबाईंच्या हातात किल्ली देताना सगळ्यांदेखत माफी मागितली. सुंदरम्मा एकादशीनंतर येते म्हणाल्या, कार्ड घेऊन.

पण मला सांगायचंय ते बुधवारचं.

त्याच दिवशी दुपारी आम्ही वस्तीवर गेलो. बिभीषणराव गाडीत बसायला तयार होईनात. दीड मैल चालत आले, उन्हातून, माझी गाडी त्यांच्या मागं मागं. येडूमामा लिंबाखाली होते.

"कोन हाय?"

"मी बिभीषण."

बनाबाई आतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. त्या दारात पन्नास वर्षांत हा माणूस आलेला नव्हता.

बिभीषणराव घोंगड्यावर बसले नाहीत, मातीत बसले. त्यांनी सगळं सांगितलं. कडबा, बैलगाड्या, पेटी, तीनाचा आकडा. स्वतःला कुठंही वाचवलं नाही. येडूमामा ऐकत होते. एका डोळ्यानं ते समोरच्या माणसाकडे पाहत होते, पण तो माणूस त्यांना नीट दिसत नसावा. बोलणं संपलं. मेंढ्या खुरांनी माती उकरत होत्या.

मला भीती वाटत होती. येडूमामांच्या हातात काठी होती. बनाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्या ती पुसतही नव्हत्या.

"मंजी मी व्हतो," येडूमामा अखेर म्हणाले.

"व्हतास."

"शाळंत."

"शाळंत."

"कुटं बसलो व्हतो?"

बिभीषणरावांना वाटलं नव्हतं की येडूमामा हे विचारतील. त्यांनी डोळे पुसले. "खिडकीकडं. माज्या म्होरं."

"आन्? काय केलं मी?"

"गुरुजींनी तुला पाढा म्हणाय उठवलं. एकोणिसाचा. तू धडाधडा म्हणत सुटलास. आन् मधीच अडकलास. आमी सगळी हसलो. गुरुजी बी हसले. म्हणले, बस, सोमवारी म्हण."

येडूमामा किंचित पुढं वाकले. कपाळावर आठ्या आल्या, पट्टीखालचं फडकं हललं.

"कुटं अडकलो?"

"एकोणीस आठे."

येडूमामांनी काठी बाजूला ठेवली, दोन्ही हात गुडघ्यांवर धरून ते हळूहळू उठले, आणि ताठ उभे राहिले.

"एकशे बावन," ते म्हणाले. "एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तर. एकोणीस दाहे एकशे नव्वद."